कांडी संपायच्या आत

आमच्या कारखान्यात एक माणूस काखेत घडीचं स्टूल घालून फिरतो. बाकीच्यांच्या काखेत फाईल असते, लॅपटॉप असतो, अगदीच झालं तर जेवणाचा डबा असतो. ह्यांच्या काखेत स्टूल. कापडी बैठकीचं, मधोमध ठिगळ लावलेलं. तुमच्या टेबलासमोर येणार, फटाक्‌दिशी स्टूल उघडणार, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसणार आणि बघत राहणार. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तास जातो, दोन तास जातात. मधे उठून चहा पिऊन येणार की परत आपले बसले.

मी पॅकिंगची सुपरवायझर होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता तेव्हा हे गृहस्थ पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसले. माझं डोकं मुळातच लवकर तापतं. माहेरी खानापूरकडं मला सगळे मिरची म्हणायचे, आणि सासरीही कुणी ते नाव खोटं आहे म्हटलेलं नाही. अर्धा तास मी कळ काढली, मग विचारलंच.

"काय बघायला लागलाय हो अण्णा?"

"काय होत न्हाय ते."

"जे होत नाही ते दिसणार कसं?"

"म्हणून तर बसाय लागतंय," असं म्हणून त्यांनी स्टूल अंगठाभर पुढं सरकवलं.

हे आमचे परभू अण्णा. कागदोपत्री प्रभाकर. बेळगावात वडगावला राहतात, पिढीजात विणकराच्या घरातले, वय चोपन्न. हुद्दा इन्स्ट्रक्शनल डिझायनर. हा शब्द आमच्या गेटवरच्या वॉचमनला आजतागायत एका दमात म्हणता आलेला नाही. तो सरळ ‘कोर्सवाले अण्णा’ म्हणतो, आणि आम्ही पण तेच म्हणतो. काम काय, तर कारखान्यात कुणाचं काही चुकत असेल, तर त्यावर ऑनलाईन कोर्स तयार करायचा. कामगारानं मोबाईल उघडायचा, कोर्स बघायचा, शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा द्यायची, पास झालं की सर्टिफिकेट. वडगावात मात्र डिझायनर म्हटलं की साडीचा काठ आठवतो. गल्लीतल्या दोन-तीन बायका अजून अण्णांना विचारतात, "परभूअण्णा, पोरीच्या लग्नाला एक बरीशी कोयरी काढून द्या की हो." अण्णा नाही म्हणत नाहीत. काढून देतात.

आता गंमत अशी की, कोर्स करायचा पगार घेणारा हा माणूस शक्यतो कोर्स करतच नाही. कुणी साहेब आला आणि म्हणाला, "अण्णा, ह्या विषयावर एक कोर्स करा," की अण्णा चष्मा कपाळावर ढकलून ठरलेलं वाक्य टाकतात : "म्हंजे नेमकं काय होत न्हाय?"

साहेब म्हणतो, लोकांना शिस्त नाही. अण्णा म्हणतात, व्हय, पण नेमकं काय होत न्हाय? साहेब म्हणतो, कँटीनच्या रांगेत ढकलाढकली होते. मग अण्णा स्टूल घेऊन कँटीनात. दुसऱ्या दिवशी साहेबांना निरोप, "कोर्स नको. चमच्यांची टोपली रांगेच्या तोंडाशी हाय, ती शेवटाला ठेवा. लोक ताटं घेऊन चमच्यासाठी माघारी फिरत्यात, म्हणून ढकलाढकली." टोपली हलवली, शिस्त आली. ‘शिस्त आणि आपण’ नावाचा कोर्स जन्माला यायच्या आतच गेला.

फोर्कलिफ्टवाल्यांचं तर विचारूच नका. गोडाऊनच्या वळणावर ते हॉर्न देत नाहीत, एखाद्या दिवशी कुणाचा तरी पाय चिरडेल, त्यांना सुरक्षिततेचा जबरदस्त कोर्स द्या, असा वरून हुकूम आला. अण्णा वळणावर जाऊन बसले. वळणाला लागूनच ऑफिसची एक खिडकी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला की खिडकीतून एक कारकून मुंडकं बाहेर काढून ओरडायचा, "ए, बहिरा हाय काय मी?" रोज हॉर्न, रोज शिव्या. ड्रायव्हरांनी हॉर्न सोडला. अण्णांनी कारकुनाचं टेबल पलीकडच्या भिंतीला लावून घेतलं आणि सकाळी दहा वाजता परत हॉर्न वाजायला लागले. मागून झाला तो फोर्कलिफ्टचा कोर्स अगदी छोटासा, गाडी सुरू करताना काय-काय तपासायचं एवढाच.

घरचं लग्न असू दे नाहीतर देवळातला प्रसाद, अण्णांचं स्टूल सुटत नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात पंगतीला पुऱ्या येईनात. पाव्हणे ताटावर बसून, माझा नवरा आचाऱ्याच्या अंगावर धावून गेलेला, आणि अण्णा चुलीपासून चार हात लांब स्टूल टाकून शांत. पाच मिनिटांनी म्हणाले, "ह्याला कशाला शिव्या घालतोस? पुऱ्या तळून झाल्यात रं. परात त्या खांबापलीकडं ठेवलीया, वाढप्यांना दिसंना." माझ्या नवऱ्यानं परात स्वतः उचलून आणली आणि त्या दिवसापासून तो अण्णांना वाकून नमस्कार करतो. मला कधी केलेला नाही, ते जाऊ द्या.

आणि कोर्स करायचाच झाला तर अण्णांचे दोन हट्ट. पहिला, कोर्स सात मिनिटांचा. सातावर आठवं मिनिट नाही. आमच्या एचआरच्या मॅडम बेंगळुरूच्या, हुशार बाई, मनानं चांगली, पण त्यांना चाळीस-चाळीस मिनिटांचे कोर्स लागतात. अण्णा म्हणणार, "मॅडम, कांडी संपायच्या आत संपाय पायजे." कसली कांडी, हे मॅडमना कळायचं नाही. हातमागाच्या धोट्यात घालायची सुताची ती कांडी, हे वडगावच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण तिचा कोर्सशी काय संबंध, हे मात्र आम्हालाही कळायचं नाही.

दुसरा हट्ट मास्तरणीचा. मराठीतून, कानडीतून, दोन्हीकडून आपल्याच आवाजात कोर्स भरून झाला, चित्रं लावून झाली, की अण्णा तो घरी घेऊन जायचे. "आदी आमच्या मास्तरणीनं पास कराय पायजे." मास्तरणीनं पास केला तर दुसऱ्या दिवशी तोंडभर हसू. नाही केला तर तोंड पाडून यायचे, "नापास झालो की गं विजू. मधला भाग काय कळला न्हाय म्हणाली. सगळं परत."

ही मास्तरीण कोण, ह्यावर पॅकिंगमधे किती चर्चा झाल्यात म्हणून सांगू! अण्णांचं लग्न झालेलं नाही, त्यामुळं चर्चेला भरपूर जागा. कुणी म्हणे रिटायर झालेली कॉलेजची बाई आहे. कुणी म्हणे शहापूरची एक शिक्षिका, तरुणपणीचं काहीतरी राहून गेलेलं. मी स्वतः ह्या दुसऱ्या गटात होते आणि जरा मीठमसालाही घालत होते, आता लपवून काय करू? एकदा तोंडावर विचारलं, "अण्णा, मास्तरीणबाईंना एकदा कारखाना दाखवायला तरी आणा." तर म्हणाले, "तिला येळ न्हाय गं. कामात असतीया."

आता शांताक्काची गोष्ट सांगते. खरं तर तीच सांगायला बसले होते.

शांताक्का माझ्या हाताखाली पॅकिंगला. निपाणीजवळच्या बोरगावची बाई, नवरा गेलेला, एकुलती एक लेक इथं बेळगावात नर्सिंगला. लेकीसाठी गाव सोडून वडगावातच एक खोली घेऊन राहिली होती. काम एकदम सोपं. अंगठीएवढ्या रबरी रिंगा पाकिटात भरायच्या, एका पाकिटात चोवीस, वर आपल्या नंबरची चिठ्ठी. शांताक्काचा हात इतका चपळ की बाकीच्या बायकांचं एक पाकीट होईस्तोवर हिची दोन.

आणि ह्या पाकिटांत निघायला लागल्या पंचवीस.

तुम्ही म्हणाल, एक जास्त गेली तर बिघडलं कुठं? मीही तेच म्हणाले होते. पण ज्या गिऱ्हाईकाकडं ही पाकिटं जातात, तिथं एका पंपाला बरोब्बर चोवीस रिंगा लागतात. पंप जोडून झाला आणि हातात एक रिंग उरली, की तिथला माणूस कपाळावर हात मारतो. कुठं तरी बसवायची राहिली! मग तो अख्खा पंप परत खोलतो. सगळं जागच्या जागी असतं. परत जोडतो. परत एक उरते. तो माणूस वेडा व्हायचा बाकी राहिला होता. वजनकाट्यावर धरावं, तर रिंग इतकी हलकी की काट्याला पत्ताच लागत नाही.

चिठ्ठीवर नंबर शांताक्काचा. मी तिला बोलले. चांगलीच बोलले, माझा आवाज मशीनच्या पलीकडं गेला. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, मोजूनच भरती की वं मी." पुढच्या लॉटमधे परत पंचवीस. मग मी रागाच्या भरात एचआरला मेल टाकला, ‘ह्या बाईला मोजायचा कोर्स द्या.’

अण्णा तेव्हा सुट्टीवर होते. मॅडमनी बेंगळुरूहून तयार कोर्स मागवला. चाळीस मिनिटांचा. त्यात टाय घातलेला एक कार्टून माणूस येऊन सांगतो, मोजणं फार महत्त्वाचं आहे. शांताक्कानं कोर्स केला. शंभरपैकी शंभर. पाकिटात पंचवीस. परत कोर्स, परत शंभर, परत पंचवीस. तिसऱ्यांदाही तेच. एका पाकिटात रिंगा किती, ह्या प्रश्नाला तिन्ही वेळा तिनं बरोब्बर चोवीसवर बोट ठेवलं होतं.

मॅडमच्या कॉम्प्युटरवर शांताक्काच्या नावापुढं तीन हिरव्या खुणा. मॅडम म्हणाल्या, "हिला येतं. येऊन करत नाही, म्हणजे मुद्दाम करते." शनिवारी गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला यायची होती. त्यात शांताक्काच्या नंबरचं एक जरी पाकीट पंचवीसचं निघालं तर तिला कामावरून काढायचं, असं ठरलं. सोमवारी मलाच ते तिला सांगावं लागलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "पोरीचं दुसरंच वरीस हाय वं बाई." मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. मेल मीच टाकला होता ना.

मंगळवारी अण्णा सुट्टीवरून आले आणि मी त्यांना गेटवरच गाठलं. सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर. "म्हंजे नेमकं काय होत न्हाय?"

"अण्णा, आज त्या वाक्यानं माझं डोकं फिरेल हं! चोवीस होत नाहीत. पंचवीस होतात!"

"मग आसं सांग की," म्हणाले, आणि स्टूल घेऊन शांताक्कासमोर बसले.

बसले ते मंगळवारचा अख्खा दिवस, चहालासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी मी शांताक्काची पाकिटं फोडून मोजली. सगळी चोवीसची. बुधवारी सकाळी परत बसले. परत सगळी चोवीस. मी खूश. पण अण्णांचा चेहरा उतरलेला. दुपारी ते चहाला गेले, पंधरा मिनिटं. तेवढ्यात भरलेली पाकिटं मोजली तर सातांतली पाच पंचवीसची!

"बघ," अण्णा म्हणाले, "मी समोर असलो की ती जपून मोजतीया. मी उठलो की न्हाय. ह्या स्टुलानं जन्मात पहिल्यांदा घात केला गं."

"मग रोज बसून राहा तिच्यासमोर, शनिवारपर्यंत!"

"आन् सोमवारी?"

मग त्यांनी शांताक्काला विचारून तिच्या हातांसमोर मोबाईल उभा करून ठेवला, चालू करून दिला आणि स्टूल उलटं फिरवून तिच्याकडं पाठ करून बसले. अख्ख्या पॅकिंगला तो तमाशा दिसत होता : मोजणीची चौकशी करायला आलेला माणूस भिंतीकडं तोंड करून बसलाय. पहिला थोडा वेळ शांताक्का बिचकली. मग शेजारणीनं लेकीचा विषय काढला. लेकीनं हॉस्पिटलात पहिल्यांदा कुणाला तरी इंजेक्शन दिलं आणि पेशंटच्या आधी हिलाच घेरी आली, असं काहीतरी. शांताक्का हसायला लागली, सांगायला लागली, आणि हात सुटले.

तो व्हिडिओ घेऊन अण्णा संध्याकाळी मास्तरणीकडं गेले. माझी चिडचिड बघा, मी म्हणाले, "कोर्स नाही, काही नाही, आता हात दाखवून मास्तरीण काय भविष्य सांगणार आहे?"

गुरुवारी सकाळी अण्णा जवळजवळ पळतच आले. स्टूल विसरले होते! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या काखेनं.

"मास्तरणीनं एकदा बघितलं आन् म्हणाली, परभ्या, ही बाई मोजतच न्हाय रं. हात मोजायलाय. आदी ही काय काम करत होती, ते इचार तिला."

आम्ही दोघं शांताक्काच्या टेबलाशी गेलो. तिला वाटलं, आताच काढतायत. उभी राहिली.

"शांताक्का, हितं यायच्या आदी काय करत होता?"

"आनि काय, विड्या. लगीन होऊन आल्यापास्नं. सासू वळायची, मी वळायची."

"एका कट्ट्यात किती?"

"पंच..." असं म्हणून ती थांबली. आपल्या हातांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग तोंडावर पदर घेतला, आणि मला आधी कळेना की ही हसते की रडते. "आग्गं बाई! कट्टा बांधत हुती की वं मी! रबराचा कट्टा!"

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. वीस-बावीस वर्षं ह्या बाईनं रोज कट्टे बांधले होते, सुपावर नजर, तोंडानं गप्पा, आणि बोटं आपली पाच-पाच करून पंचवीस उचलतायत. पाकीट म्हणजे त्या बोटांना कट्टाच वाटला. डोक्याला चोवीस माहीत होते, म्हणून परीक्षेत शंभर. पाकिटं डोकं थोडंच भरत होतं!

अण्णांनी मॅडमना खाली बोलावलं. कँटीनमधून चिंचोके मागवून टेबलावर ढीग घातला. शांताक्काच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली आणि सांगितलं, "आक्का, लेकीचं सांगा काय तरी, आन् पाकीट भरल्यागत एकेक वाटी भरत जावा." शांताक्का बोलत राहिली, बोटं फिरत राहिली. पाच वाट्या झाल्या. मॅडमनी स्वतः मोजल्या. पंचवीस. पंचवीस. पंचवीस. चौथी मोजताना मॅडमचाच आकडा चुकला, परत मोजली, पंचवीस. पाचवीला अख्खं पॅकिंग मोठ्यानं मोजत होतं, आणि पंचवीस म्हटल्यावर जे काय ओरडले सगळे, फोर्कलिफ्टवाले हॉर्न वाजवत आले की काय झालं म्हणून.

मॅडम भारावल्या होत्या, पण सवय कुठं जाते? म्हणाल्या, "अण्णा, मग जुनी सवय मोडायचा एक कोर्स करूया का?"

"मॅडम," अण्णा म्हणाले, "सवय कशाला मोडायची? लई चांगला हात हाय. त्याला फकस्त सांगाय पायजे, बाबा, हितं थांब."

दुपारी अण्णा आमच्या सुताराकडं बसले, कुणाचं तरी उसनं स्टूल घेऊन. संध्याकाळी एक लाकडी फळी तयार झाली, वर चोवीस खुंट्या. एका खुंटीला एक रिंग. फळी भरली की उलटी करून पाकिटात ओतायची. शुक्रवारी शांताक्का त्यावर काम करायला लागली. गप्पा मारता-मारता बोटं पंचविसावी रिंग उचलायची, फळीवर यायची, आणि तिथंच थांबायची. खुंटीच नाही! दर वेळी शांताक्का खुदकन हसायची. "जागाच न्हाय की वं हिला."

शनिवारी तपासणीवाल्यांनी तिची चाळीस पाकिटं फोडली. मी देवाचं नाव घेत मागं उभी. चाळीसच्या चाळीस चोवीसची. त्यातल्या एकानं ती फळी हातात घेऊन विचारलं, "हे कुणाचं डिझाईन?" मी म्हणाले, "आमच्या मास्तरीणबाईंचं." तोंडातून निघून गेलं. अण्णा लांब उभे होते, त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

शांताक्काचा आता एकच हट्ट. मास्तरणीच्या पाया पडायचं. अण्णांनी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "या मग उद्या. पण हसायचं न्हाय." रविवारी मी शांताक्काला स्कूटीवर मागं बसवलं. तिनं घरी केलेले शेंगदाण्याचे लाडू घेतले होते, माझ्या मनात शहापूरच्या शिक्षिकेची चौकशी होती.

वडगावातली अरुंद गल्ली. आजूबाजूला पॉवरलूमचा खडखडाट, आणि अण्णांच्या घरातून मात्र हातमागाचा सावकाश आवाज, खट्‌ खटाक्‌, खट्‌ खटाक्‌. मी स्कूटी दाराशी लावली, तर आतून आवाज.

"गाडी वाटंत लावू नगा! आग लागली तर भाईर पडायची वाट मोकळी पायजे!"

मी निमूट गाडी हलवली. आत पाऊल टाकलं, तर परत.

"ओढणी खोचा कमरंला. मशीनजवळ सैल कापड चालत न्हाय."

मागावर बसलेली एक बारकी, पिकल्या केसांची बाई. हात थांबलेले नाहीत, पाय थांबलेले नाहीत. मागाच्या खांबाला रबर लावून मोबाईल बांधलेला. आणि मागं भिंतीवर, छतापासून खालपर्यंत, आमच्या कारखान्याची सर्टिफिकेटं. अग्निशामक यंत्र कसे वापरावे. फोर्कलिफ्टची तपासणी. जड वस्तू उचलण्याची योग्य पद्धत. कार्यालयीन ईमेल कसा लिहावा. ग्राहकाशी सौजन्याने बोलणे. प्रत्येकावर नाव एकच, सुशीला, आणि प्रशिक्षणार्थी क्रमांक एक.

"ही आमची आक्का," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "थोरली भैन."

"सौजन्याचा कोर्स तिसऱ्या येळंला पास झाली मी," आक्का अभिमानानं म्हणाली. शेजारचं कुणीतरी बाहेरून ओरडलं, "तरी काय फरक पडला न्हाय!" आक्कानं तिकडं जे उत्तर दिलं, ते कोर्समधलं नव्हतं.

मी हसून-हसून बेजार. पण मग आक्काच सांगायला लागली, हात चालूच ठेवून. ती चौथीत होती आणि अण्णा नुकतेच पहिलीत. त्यांच्या आप्पांना छातीचं दुखणं लागलं, मागावर बसायला कुणीतरी हवं होतं. पाटी अण्णांच्या हातात राहिली आणि आक्का मागावर आली. "ह्यो शाळंतनं आला की हितं स्टूल घेऊन बसायचा, माज्या शेजारी. मास्तर काय-काय म्हणाले ते सगळं मला सांगायचा. पण माग थांबवून कसं चाललं? कांडी बदलताना गोष्ट ऐकत हात रेंगाळला की आप्पा खेकसायचं. म्हणून ह्याला मी सांगितलेलं, परभ्या, एका कांडीत एक गोष्ट सांग. कांडी संपायच्या आत संपव. आन् बघ, मला कळलं का न्हाय ते माज्या हाताकडं बघून वळखायचा. न्हाय कळलं की माजा हात जरा मंद व्हतो म्हणं."

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलंच नाही. सात मिनिटं, म्हणजे एक कांडी. स्टूल. ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसणं. आम्ही सगळ्यांनी किती चेष्टा केली होती त्याची! हा माणूस आमच्यासाठी कोर्स करतच नव्हता मुळी. बहिणीची राहिलेली शाळा भरून काढत होता, एकेक कांडी करून, आणि कारखान्याला त्यातलंच थोडं मिळत होतं.

शांताक्का पुढं झाली आणि आक्काच्या पायाशी वाकली. आक्का गडबडली. "माज्या कशाला पाया पडतीस गं? मी काय केलं? हात बघितलं निस्तं. हातानं काम करणाऱ्याला हात वळखाय येतोच की." मग एकदम अण्णांकडं वळून, लहान मुलीसारखं तोंड करून म्हणाली, "पण परभ्या, ह्या खेपंला कोर्सच झाला न्हाय रं. मग माजं सर्टिफिकेट?"

अण्णांनी पिशवीतून एक कागद काढला. तयारच होता, प्लास्टिकमधे घातलेला. तो त्यांनी मोबाईलच्या रबरात, तिच्या डोळ्यांसमोर अडकवला.

आक्का वाचायला लागली. ओठ हलवत, एकेक शब्द. "पॅ-किंग वि-भाग... पाकि-टातील रिं-गांची अचूक मो-जणी..." मग पुढच्या ओळीवर थांबली. नेहमीच्या ‘प्रशिक्षणार्थी’च्या जागी दुसरंच काहीतरी होतं. परत वाचलं. "परभ्या, हितं चुकलंय रं. हितं ‘प्रशिक्षक’ पडलंय."

"न्हाय आक्का."

"आरं, प्रशिक्षक म्हंजे मास्तर. शिकवणारा."

"व्हय," अण्णा म्हणाले. "बरोबर हाय त्ये."

मागाचा आवाज थांबला. धोट्यातली कांडी संपली होती. नव्या कांड्यांची टोपली आक्काच्या उजव्या हाताशीच होती, पण तिनं हात घातला नाही. कागदाकडं बघत बसून राहिली. शांताक्कानं लाडवांचा डबा उघडून मागाच्या कडेला ठेवला. अण्णांनी कोपऱ्यातलं स्टूल आणलं, तिच्या शेजारी उघडलं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.